जुन्या कॅम्पर व्हॅनचे गिअर ऑइल बदलताना

जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने १९५० मध्ये ‘टाइप टू’ ही मागे इंजिन असलेली व्हॅन बाजारात आणली. पुढल्याच वर्षापासून वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात झोपण्याची व स्वयंपाकाची सोय करून देण्यास प्रारंभ केला आणि कॅम्पर व्हॅन जगभर पोहोचली. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानमार्गे गोव्यापर्यंत आलेल्या प्रवाशांतही या गाड्या होत्या. जर्मनीत १९६७ ते १९७९ या काळात तयार झालेल्या दुसऱ्या पिढीच्या गाड्या आजही अनेक हौशी मालक जपून चालवतात. त्यांच्या दृष्टीने इंजिनाइतकाच मोलाचा, पण सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे गिअरबॉक्स.

तेल का बदलावे?

या व्हॅनमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच कवचात असून दोहोंना एकच तेल पुरते. येथे तेल फिरवणारा पंप नाही आणि गाळणीही नाही. फिरणाऱ्या दंतचक्रांनी उडवलेल्या तेलावरच सारे वंगण अवलंबून असते. त्यामुळे झिजेतून निघालेला धातूचा कीस तेलातच राहतो. साधारणतः ४० ते ५० हजार किलोमीटरनंतर हे तेल बदलण्याची रीत आहे. जुनी गाडी खरेदी केल्यास मात्र अंतराचा हिशेब न पाहता ते आधी बदलणे श्रेयस्कर.

कोणते तेल?

येथेच बहुतेकांची फसगत होते. या गिअरबॉक्ससाठी ‘एसएई ९०’ किंवा ‘८०डब्ल्यू-९०’ घनतेचे, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीतील ‘जीएल-४’ दर्जाचे तेल योग्य ठरते. ‘जीएल-५’ हा आकडा मोठा असल्याने ते तेल अधिक चांगले, असा समज होतो. प्रत्यक्षात त्यात दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये अधिक असतात. गिअर बदलताना दोन चक्रांची गती जुळवणारी सिंक्रोनायझरची कडी पितळी मिश्रधातूची असते. काही ‘जीएल-५’ तेलांतील द्रव्ये उष्णतेत या धातूला बाधतात. शिवाय कडीला लागणारे घर्षण कमी झाल्यास गिअर खरखरत पडतो. ही कडी बदलायची तर संपूर्ण गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागतो. तेलाच्या डब्यावरील ही दोन अक्षरे आणि एक आकडा वाचणे त्या मानाने फारच स्वस्त!

कृती

गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवावी. कोमट तेल पातळ होऊन लवकर वाहते व कीसही सोबत नेते. नंतर गाडी सपाट जागी उभी करावी. उचलायची असल्यास चारही बाजूंनी सारखी उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की तेल भरण्याचा बाजूचा बोल्ट आधी सैल करून पाहावा, खालचा बोल्ट त्यानंतरच उघडावा. वर्षानुवर्षे न उघडलेला वरचा बोल्ट हटला नाही आणि तेल आधीच सोडून दिले असेल, तर गाडी जागेवरच अडकते. दोन्ही बोल्टना १७ मिलिमीटरची अॅलन की लागते. तिचे टोक पूर्ण आत बसले आहे, याची खात्री करूनच जोर लावावा.

वाहिलेले तेल नीट पाहावे. खालच्या बोल्टच्या चुंबकावर साचलेला राखाडी, मऊ लेप ही नेहमीची झीज होय. पिवळसर चकाकी सिंक्रोनायझरच्या झिजेची, तर पोलादाचे तुकडे दाते किंवा बेअरिंग तुटल्याची खूण असते. अशा वेळी जाणकार मेकॅनिकला दाखवावे.

चुंबक पुसून खालचा बोल्ट बसवावा. कवच हलक्या मिश्रधातूचे असल्याने बोल्ट अवाजवी आवळल्यास आटे जातात. नवे तेल पंपाने सावकाश भरावे. सुमारे साडेतीन लिटर तेल मावते. घाईने भरल्यास ते आत पसरण्यापूर्वीच भोकातून ओघळते आणि टाकी भरल्याचा भास होतो. काही मिनिटे थांबून पुन्हा भरावे. तेल भोकाच्या खालच्या कडेला टेकले, की पातळी योग्य समजावी.

१९६७ पूर्वीच्या पहिल्या पिढीच्या गाड्यांत मागील चाकांपाशी गतिघट करणाऱ्या दोन छोट्या पेट्या असतात. त्यांचे तेल स्वतंत्रपणे बदलावे लागते.

जुन्या तेलाचे काय?

ते गटारात किंवा मातीत ओतू नये. जर्मनीत गिअर ऑइल विकणाऱ्याने वापरलेले तेल विनामूल्य परत घेण्याची कायद्याने सोय आहे. भारतातही वापरलेले तेल घातक कचऱ्याच्या नियमांत मोडते. ते बंद डब्यात भरून अधिकृत संकलकाकडे किंवा तशी व्यवस्था असलेल्या गॅरेजकडे द्यावे.