दशावताराचे सामायिक विश्व

इ. स. 1788 मध्ये पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलातून निघून पोर्तुगीजांच्या नव्या काबिजादीत, म्हणजे गोव्यात नव्याने जिंकलेल्या मुलखात, दाखल झाला, तत्पूर्वी काही वर्षे डिचोलीचीही तीच गत झाली होती. परंतु सरहद्दीची ही रेषा ज्याला दुभंगू शकली नाही, असा एक सामायिक ठेवा दोन्हीकडच्या दशावतारी नाटक करणाऱ्या मंडळींपाशी होता. जत्रेच्या रात्री गणपती, सरस्वती आणि वेद पळविणारा संकासुर यांचा आडदशावतार हा पूर्वरंग आटोपल्यावर जे आख्यान उभे राहते, त्याची लिखित संहिता परंपरेने नसते: कथा पुराणांची, म्हणजे सर्वांची, प्रसंगांचा क्रम प्रयोगापूर्वी ठरलेला, संवाद मात्र प्रत्येक नट रंगभूमीवर स्वतः रचतो. हे स्वातंत्र्य बेबंद नव्हे, कारण भीमाने भीमाच्या स्वभावधर्मास अनुसरून बोलावे, प्रतिपक्षाचा प्रश्न झेलावा आणि कथा नियोजित शेवटास न्यावी, ही मर्यादा सर्वांस बंधनकारक असते.

पाश्चात्त्य भूमिका-खेळांच्या कर्त्यांनी 2000 साली मुक्त परवाना लिहून जी व्यवस्था आरंभिली, तिचे मर्म, म्हणजे चौकट सर्वांस खुली आणि भर ज्याची त्याची, हे येथे रूढीने पूर्वीच सिद्ध झाले होते. कायद्याची भाषा मात्र वेगळी आहे: भारताचा 1957चा कॉपीराइट कायदा नाट्यकृतीचे रूप लेखनाने वा अन्य रीतीने निश्चित झालेले असावे असे मानतो, आणि प्रयोगकर्त्याच्या हक्कास 1994च्या दुरुस्तीने मान्यता मिळाली. म्हणूनच आख्यानांचे ध्वनिचित्रमुद्रण करणाऱ्यांनी कथा सर्वांची म्हणून नटाचे शब्दही बेवारस समजू नयेत. त्याचे नाव आणि त्याचा मोबदला हा त्याचा न्याय्य हक्क आहे.