सांस्कृतिक सुरक्षितता

ऑस्ट्रेलियातील परिचारिका-शिक्षणात आज रुळलेली ही संकल्पना न्यूझीलंडची. माओरी परिचारिका इरिहापेटी रॅम्सडेन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती मांडली आणि १९९२मध्ये तिथल्या परिचर्या परिषदेने ती अभ्यासक्रमात सक्तीची केली. मिळालेली शुश्रूषा सुरक्षित होती की नाही, हे रुग्णाने ठरवायचे, परिचारिकेने नव्हे, हा तिचा गाभा. ऑस्ट्रेलियात परिचारिकांच्या २०१८च्या आचारसंहितेत ती आली. आदिवासी व टोरेस सामुद्रधुनी बेटवासी यांचा इतिहास, संस्कृती आणि आरोग्य यांवर पदवी अभ्यासक्रमात स्वतंत्र विषयही असावा लागतो.

या विषयात इतिहास आधी शिकवला जातो, आणि ते योग्यच आहे. १९०८ ते १९१९ या काळात पश्चिम ऑस्ट्रेलियातील बर्निए व डोर या बेटांवर गुप्तरोगाच्या नुसत्या संशयावरून आदिवासींना डांबले जाई. अनेकांना साखळदंडांनी बांधून नेले गेले. पुढे प्रसूतिगृहांतूनही मुले हिरावली गेली. ज्या आजीने हे सोसले तिची नात इस्पितळाची पायरी चढायला कचरते, तेव्हा त्याला ‘असहकार’ म्हणणे अन्यायाचे ठरते.

प्रात्यक्षिकात बोलण्याच्या पद्धतीवर भर असतो. प्रश्नांची सरबत्ती झाली की काही रुग्ण ती थांबावी म्हणून प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतात. दुखणे मात्र तसेच राहते. म्हणून एक मोकळा प्रश्न विचारून शांतपणे थांबायला विद्यार्थ्यांना शिकवतात. मात्र चालीरीतींची यादी पाठ करून भागत नाही. सिडनीतील कुटुंब आणि आर्नहेम लँडमधील कुटुंब यांच्या भाषा, नात्यांचे नियम वेगळे असतात. त्यामुळे आदिवासी शिक्षकांशिवाय हा विषय नीट शिकवता येत नाही.