शुद्ध वाण कीं संकर? : परसांतील कोंबडीचा इतिहास

परसांत पांचदहा कोंबड्या बाळगणाऱ्या गृहस्थापुढें एक प्रश्न हटकून उभा राहतो. कळप घरच्या घरींच वाढवावयाचा तर पक्षी शुद्ध वाणाचे घ्यावे, कीं बाजारांत मिळणारे संकरित? अंड्यांसाठीं काढलेली संकरित कोंबडी वर्षाला तीनशेंच्या आसपास अंडीं देते. परंतु तिच्या अंड्यांतून निघालेलीं पिलें आईसारखीं होत नाहींत. शुद्ध वाणाची कोंबडी त्या मानानें कमी अंडीं देते. पण आपलें रूप आणि गुण पिलांच्या पदरांत टाकते. प्रश्न वरकरणी दोनचार रुपयांच्या हिशेबाचा दिसतो. वस्तुतः त्याचें उत्तर गेल्या पावणेदोनशें वर्षांच्या इतिहासांत आहे.

प्रथम ‘शुद्ध’ या शब्दाचाच विचार करणें प्राप्त आहे. चार्लस डार्विन यानें १८६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाळीव प्राण्यांवरील ग्रंथांत सर्व कोंबड्यांचा मूळपुरुष म्हणून तांबड्या रानकोंबड्याकडे बोट दाखविलें. हा निष्कर्ष बहुतांशीं टिकला. मात्र २००८ सालीं स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनीं असें दाखविलें कीं, पुष्कळ कोंबड्यांच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे. हा करडा पक्षी म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या झाडींत पहांटे आरवणारा रानकोंबडाच. तात्पर्य, ज्यास शुद्ध कूळ म्हणावें त्याच्याही मुळाशीं संकर आहे.

शुद्धतेचा सोस मात्र अलीकडचा. १८४० नंतरच्या दशकांत चीनकडील कोचीन जातीच्या थोराड, पायांवर पिसें असलेल्या कोंबड्या इंग्लंड-अमेरिकेंत पोहोंचल्या. १८४९ च्या नोव्हेंबरांत बोस्टन शहरीं कोंबड्यांचें मोठें प्रदर्शन भरलें, आणि शेतकऱ्यांपासून सावकारांपर्यंत साऱ्यांना कोंबड्यांचें वेडच लागलें. तें वेड कांहीं वर्षांत ओसरलें, पण प्रदर्शनें राहिलीं. आणि प्रदर्शन म्हटलें कीं नियम आले. इंग्लंडांत १८६५ सालीं व अमेरिकेंत १८७४ सालीं वाणांचीं प्रमाणें छापलीं गेलीं. तुरा कसा असावा, पिसांचा रंग कोणता, पाय केवढे, हें त्यांत बारकाईनें सांगितलें होतें. अंड्यांच्या टोपलीपेक्षां पिसाच्या छटेला तेथें अधिक मान होता. शिवाय त्यांतील नामांकित वाण मिश्र रक्ताचेच होते. ऱ्होड आयलंड रेड हा वाण त्या नांवाच्या अमेरिकन राज्यांतील शेतकऱ्यांनीं मलाया व चीनकडील कोंबडे आपल्या गांवठी कोंबड्यांवर सोडून तयार केला. १९०४ सालीं त्याला शुद्ध वाणाची मान्यता मिळाली. शुद्ध वाण म्हणजे पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीनें स्थिरावलेला संकरच होय.

प्रत्येक संकर मात्र स्थिरावत नाहीं. निळ्या अँदालुशियन कोंबड्यांचे शौकीन हें फार वर्षें अनुभवीत होते. निळ्याशीं निळी जोडली तरी पिलांत कांहीं काळीं व कांहीं मळकट पांढरीं निघत. पाळणारे तीं दोन्ही काढून टाकीत व पुढल्या वर्षीं पुन्हां तोच अनुभव घेत. त्याचा उलगडा मेंडेलच्या नियमांनीं केला. १८६६ सालीं छापलेला त्याचा निबंध १९०० पर्यंत दुर्लक्षित राहिला होता. १९०२ सालीं बेटसन यानें कोंबड्यांवरील प्रयोगांनीं ते नियम प्राण्यांनाही लागू पडतात हें सिद्ध केलें. निळा रंग हा काळ्याचा व पांढऱ्याचा मिलाफ. म्हणून निळ्या जोडीच्या पिलांत सरासरीनें चारांत एक काळें, दोन निळीं व एक पांढरें निघावयाचेंच. उलट, टाकून दिलेल्या काळ्यापांढऱ्यांची जोडी लावली असती, तर सर्व पिलें निळीं निघालीं असतीं! संकरित कोंबडीचीं पिलें आईवर कां जात नाहींत, याचें कारण हेंच.

याच ज्ञानावर पुढें धंदा उभा राहिला. अमेरिकेंत हेन्री वॉलेस यानें १९२६ सालीं संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली, आणि १९३६ सालीं त्याच रीतीनें कोंबड्यांची पैदास सुरूं झाली. निरनिराळीं घराणीं कटाक्षानें अलग राखावयाचीं, मग त्यांचा मिलाफ करून पिलें विकावयाचीं. पहिल्या पिढींत जोम उत्तम दिसतो. दुसऱ्या पिढींत गुण विखुरतात. त्यामुळें गिऱ्हाइकाला दर खेपेस विक्रेत्याकडेच जावें लागतें, आणि मूळ घराणीं विक्रेत्याच्या कुलुपांत राहतात. १९४८ सालीं अमेरिकेंत ‘उद्यांची कोंबडी’ या नांवाची राष्ट्रीय स्पर्धा झाली. मांसाळ पक्ष्यांच्या त्या स्पर्धेंत कॅलिफोर्नियाच्या व्हँट्रेस याचा कॉर्निश व न्यू हँपशायर यांचा संकर पहिला आला. त्यांतील कॉर्निश हा आपल्या असील कोंबड्याच्या रक्तांतून इंग्लंडांत घडलेला. हिंदुस्थानांतील झुंजीचा कोंबडा असा जगाच्या ताटांत जाऊन बसला.

आपल्याकडे बी. व्ही. राव यांनीं १९७१ सालीं व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली, आणि पुढें संकरित कोंबड्यांच्या धंद्यांत पुण्याचें नांव झालें. हैदराबादच्या सरकारी संस्थेनें परसासाठीं ‘वनराजा’ काढला, बंगळूरच्या कृषि विद्यापीठानें ‘गिरिराज’. हेही संकरच. खेड्यांतील पुष्कळांनीं ते नेले. पण त्यांचींच अंडीं उबवून कळप वाढवूं गेल्यास पहिल्या पिढीचा गुण टिकत नाहीं.

तेव्हां निवड करतांना गृहस्थानें आपला हेतु आधीं ठरवावा. केवळ अंडीं हवीं असतील, तर संकरित पिलें घ्यावींत. मात्र तीं पुन्हां पुन्हां विकत आणण्याची तयारी ठेवावी. अंड्यांसाठीं काढलेल्या संकरित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहींत. पिलें काढावयाचीं तर गांवठी कोंबडीच बसवावी लागते. कळपाची वेल घरींच वाढवावयाची असेल, तर असील, कडकनाथ किंवा ऱ्होड आयलंड रेड अशा स्थिर वाणाची कास धरावी. पण तेथेंही भाऊबहिणींची जोडी पिढ्यान् पिढ्या लावीत गेल्यास अंडीं कमी उबतात व पिलें दुबळीं होतात. म्हणून मधून मधून त्याच वाणाचा कोंबडा दुसऱ्या गांवाहून आणावा. दोन्ही हवें असेल, तर शुद्ध कळप अलग राखून त्यांतील कोंबडा कांहीं गांवठी तलंगांवर सोडावा; होणारीं पिलें अंड्यांसाठीं ठेवावीं, वंशासाठीं नव्हे.

एक गोष्ट कोणीच विसरूं नये. शुद्ध घराणीं जिवंत आहेत तोंवरच संकर करतां येतो. ज्या दिवशीं शेवटचें असील खुराडें रिकामें होईल, त्या दिवशीं उद्यांच्या संकराचेंही बीज संपेल. म्हणून ज्याच्या परसांत आज दोनचार जातिवंत गांवठी कोंबड्या आहेत, त्यानें त्या थोड्या अंड्यांच्या आशेनें मोडींत काढूं नयेत.