चेनच्या खिशातलं शिसं

रविवार, १ नोव्हेंबर २०२०, पहाटे २
अमेरिकेतली घड्याळं आज तासभर मागे सरकली. मोंटाना राज्यातल्या लेक मॅक्डोनाल्डवर आता सूर्यास्त सव्वापाचच्या सुमारास.

दुपार
मिसूला शहरातला स्कूबाचा एक वर्ग तळ्याकडे निघालाय. त्यात अठरा वर्षांची एक विद्यार्थिनी आहे. तळं हिमनदीनं कोरलेलं, समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच आणि बर्फगार. म्हणून तिच्यासाठी ड्रायसूट. अंग कोरडं ठेवणारा, आत हवा धरणारा हा पोशाख तिनं याआधी पाण्यात कधी वापरलेला नाही.

खोल जाताना या सूटमधली हवा दबते. तितकी हवा सिलिंडरमधून एका नळीनं आत भरावी लागते. तिच्याकडची नळी या सूटच्या झडपेला बसत नव्हती. झडप तशीच मोकळी राहिली.

संध्याकाळ, काठावर
खरा घात इथे, कोरड्या जमिनीवर झाला.

आपल्याकडच्या खेड्यांत पोराला विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला कोरडा भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधतात. पाणबुड्याचं काम उलटं: हवेनं फुगलेल्या सूटसकट त्याला खाली जायचं असतं, त्यासाठी शिसं. किती, ते अंदाजानं ठरवायचं नसतं. सगळा सरंजाम चढवून, तरंगणं सांभाळणाऱ्या फुगत्या जॅकेटमधली हवा पूर्ण काढून पाण्यात उभं राहायचं. श्वास भरून धरला की पाणी डोळ्यांच्या पातळीवर यावं. सिलिंडर भरलेलं असेल तर थोडं जास्त शिसं, कारण आतली दोन-तीन किलो हवा वापरून संपणार असते. गोड्या पाण्यात समुद्रापेक्षा दोन-अडीच किलो कमीच लागतं. तारकर्लीला आपण हौसेनं पाण्यात उतरतो तेव्हा कमरेला किती शिसं आहे हे कुणी विचारत नाही. तिथे निदान प्रशिक्षकाचा हात सोबत असतो.

या मुलीच्या अंगावर ४४ पौंड चढवलं. जवळजवळ वीस किलो. नेमानं वजन पट्ट्यात किंवा सुट्या होणाऱ्या कप्प्यात घालतात, म्हणजे एका झटक्यात टाकून देता येतं. हिचं शिसं गेलं सूटच्या आणि जॅकेटच्या चेन लावलेल्या खिशांत.

पाण्यात उतरण्याआधी जोडीदारानं जोडीदाराची तपासणी करायची असते: जॅकेट, वजन, बकलं, हवा. वजन नुसतं आहे का एवढं बघून भागत नाही, ते सुटतं का हे हातानं बघायचं असतं. चेन ओढून, जाड हातमोज्यातून वीस किलो शिसं बाहेर काढायला किती वेळ लागेल, हे काठावर सहज कळलं असतं.

उजेड मावळताना
इथून पुढचं घड्याळ खोलीचं.

साधारण तीस फुटांवर सूटमधल्या हवेचं आकारमान निम्मं. साठ फुटांवर तिसरा हिस्सा. हवा दबते तशी सूटची तरंगवण्याची ताकद घटते, शिसं मात्र तेवढंच. म्हणजे जितकं खाली तितकं जड, आणि जितकं जड तितकं वेगानं खाली. रबराच्या घड्या अंगात रुततात, छाती आवळली जाते, हात वर उचलणंही कठीण. जॅकेट फुगवून सावरावं तर त्याच्या फुगण्यालाही मर्यादा असते; वीस किलो शिसं आणि चपटा झालेला सूट एकट्या त्याला पेलायचा होता.

ती कडेवरून घसरत खाली गेली. बरोबरच्या एका पाणबुड्यानं तिला अंधुक उजेडात गाठलं. त्यानं वजन टाकायची कडी शोधली. त्याला ती सापडली नाही. दोघंही बुडत होते. शेवटी त्याला तिला सोडून वर यावं लागलं.

त्यानंतर
तळं ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे त्याच्या यंत्रणेनं या दुर्घटनेची चौकशी केली. २०२१ मध्ये तिच्या कुटुंबानं नुकसानभरपाईचा दावा लावला. त्या डाइव्हचं चित्रीकरण एका कॅमेऱ्यात उतरलेलं होतं.