डोंगरउताराच्या मातीतील स्फुरद : साठा आणि उपलब्धता

स्फुरद अर्थात फॉस्फरस हे नत्र व पालाश यांच्या बरोबरीचे प्रमुख पीकपोषक द्रव्य. सह्याद्रीच्या उतारावरील जांभ्या मातीत ते मुळीच नसते असे नाही. मात्र त्यातील फारच थोडा अंश मुळांना घेता येतो. हा फरक स्फुरदाच्या रासायनिक रूपांमुळे पडतो.

मूळ खडकात स्फुरद मुख्यत्वे ॲपेटाइट या खनिजात, कॅल्शियमशी बांधलेले असते. सत्तरी, सांगे, काणकोण यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत मुसळधार पावसाने कॅल्शियम व मॅग्नेशियम धुऊन जातात, लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरतात आणि माती आम्लधर्मी होते. सुटे झालेले स्फुरद या ऑक्साइडांना घट्ट चिकटते; कालांतराने त्याचा काही भाग त्यांच्या आवरणाखाली कोंडला जातो. वॉकर आणि सायर्स या शास्त्रज्ञांनी १९७६ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार माती जितकी जुनी, तितके तिच्यातील कॅल्शियमबद्ध स्फुरद कमी आणि कोंडलेले व सेंद्रिय स्फुरद अधिक.

देशावरील चुनखडीयुक्त काळ्या मातीत याउलट कॅल्शियमबद्ध रूपाचे प्राबल्य असते. म्हणून तपासणीही वेगळी : आम्लधर्मी मातीसाठी ब्रे पद्धत, तर अल्कधर्मी मातीसाठी ऑल्सेन पद्धत वापरली जाते. मृदा आरोग्य पत्रिकेतील आकडा एकूण साठ्याचा नसून उपलब्ध स्फुरदाचा असतो.

काजू बागायतदाराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. उतारावर फेकून दिलेल्या सुपर फॉस्फेटचा मोठा भाग मातीतच अडकतो आणि पैसा वाया जातो. खत झाडाभोवती चर काढून, शेणखतात मिसळून दिल्यास सेंद्रिय आम्ले लोह-ॲल्युमिनियमची पकड सैल करतात. मातीपरीक्षणानुसार चुना दिल्याने आम्लता घटते. रॉक फॉस्फेट आम्लधर्मी मातीत हळूहळू विरघळते, त्यामुळे दीर्घायुषी झाडांना ते मानवते. पाणी साचलेल्या भातशेतीत प्राणवायूअभावी लोहाचे रूप बदलून काही स्फुरद आपोआप मोकळे होते. उतारावरील बागांना मात्र हा लाभ नाही.

नत्र पाण्यात विरघळून वाहते. स्फुरद प्रामुख्याने मातीच्या कणांसह जाते. त्यामुळे झाडोरा तोडून उघडा पडलेला उतार पावसाळ्यात आपला सर्वांत सुपीक थर गमावतो. समतल चर, पालापाचोळ्याचे आच्छादन आणि बांध ही म्हणूनच स्फुरद राखण्याचीही साधने ठरतात.