“डिबॉईन” या उपनामाची उत्पत्ति व प्रसार

(१) महादजी शिंदे यांच्या कवायती कंपूंचा सरदार डिबॉईन हा मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. पाटण, मेडतें व लाखेरी येथील लढायांच्या निमित्तानें त्याचें नांव वारंवार वाचनांत येतें. परंतु तो ज्या उपनामानें ओळखला जातो तें उपनाम त्याच्या बापाचें नव्हतें, आजाचेंही नव्हतें, हें फार थोड्यांच्या लक्षांत असतें. इ. स. १७५१ च्या मार्चमध्यें सॅव्हॉय प्रांतांतील शांबेरी शहरीं त्याचा जन्म झाला, तेव्हां त्याचें नांव बनुआ ल बोर्न्य असें होतें. ल बोर्न्यचा ‘द ब्वान्य’ कसा झाला, आणि एका माणसाबरोबर जन्मास आलेलें हें दुर्मिळ नांव कोठकोठें पसरलें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

हा विचार केवळ कुतूहलाचा नव्हे. डिबॉईनच्या इंग्लंडांतील विवाहित पत्नीच्या आठवणी इ. स. १९०७ पासून पॅरिस येथें छापून निघाल्या. त्यांत नवऱ्यानें आपलें कूळ व पूर्वायुष्य लपवून आपणांस फसविलें, असा ठपका तिनें त्याजवर ठेवला आहे. या आठवणी फ्रेंच वाङ्मयांत फार वाचल्या गेल्या, व डिबॉईन म्हणजे खोटें नांव धारण करणारा उपटसुंभ, ही समजूत त्यांतून दृढ झाली. ही समजूत कितपत साधार आहे, याचा निर्णय नांवाच्या इतिहासावरच अवलंबून आहे.

(२) प्रथम मूळ नांव पाहूं. ‘बोर्न्य’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ एका डोळ्यानें आंधळा, म्हणजे आपल्याकडील ‘काणा’. ‘ल’ हें निश्चयवाचक उपपद आहे. तेव्हां ‘ल बोर्न्य’ हें शारीरिक व्यंगावरून पडलेलें टोपणनांव होय. फ्रेंच उपनामांचे सामान्यतः चार वर्ग होतात: बाप्तिस्म्याच्या नांवावरून आलेलीं, गांवावरून वा जमिनीवरून आलेलीं, धंद्यावरून आलेलीं, आणि रूप, व्यंग वा स्वभाव यांवरून आलेलीं. आपल्याकडे ‘कर’ लावून झालेलीं ग्रामनामें, कुळकर्णी-देशपांड्यांसारखीं वृत्तिनामें व टोपणनांवें यांची वांटणी जवळजवळ अशीच आहे. मध्ययुगांत हीं नांवें माणसापुरतीं होतीं. पुढें तीं वंशास चिकटलीं. फ्रान्सच्या राज्यांत इ. स. १५३९ च्या व्हिलेर-कोत्रे येथील राजाज्ञेनें बाप्तिस्म्यांची नोंद ठेवण्याचा नियम झाला, व ट्रेंट येथील धर्मसभेनें इ. स. १५६३ मध्यें सर्व कॅथॉलिक देशांस तशाच नोंदींची शिस्त लावली. एकदां पाद्र्याच्या वहींत नांव चढलें, म्हणजे नातवाचे दोन्ही डोळे शाबूत असले तरी तो ‘काणा’च राहिला.

‘ल’ हें उपपद चिकटलेलीं उपनामें उत्तर व पश्चिम फ्रान्सांत, विशेषतः ब्रिटनी व नॉर्मंडी या प्रांतांत, विपुल आढळतात. ‘ल बोर्न्य’ हें तर ब्रिटनींतील एक परिचित उपनाम आहे. उलट सॅव्हॉय हा आल्प्स पर्वतांतील प्रांत. तेथील बोलीही निराळी, व उपनामांची घडणही निराळी. यावरून शांबेरीचे ल बोर्न्य हें कुटुंब मूळचें तेथील नसून उत्तरेकडून येऊन स्थायिक झालें असावें, असें अनुमान नांवाच्या घडणीवरूनच निघतें. डिबॉईनचा बाप कातड्यांचा व लोकरीच्या चामड्यांचा व्यापार करी. असा व्यापारी परप्रांतांतून येऊन राजधानीच्या शहरीं दुकान थाटतो, यांत नवल नाहीं.

(३) आतां नांवाचा पालट. ‘ल बोर्न्य’ व ‘द ब्वान्य’ हीं दोन रूपें देवनागरींत दूरची दिसतात. परंतु रोमन लिपींत लिहून एकाखालीं एक ठेवलीं असतां त्यांत अवघ्या दोन अक्षरांचा भेद आहे. पहिल्या शब्दांत ‘एल्’ च्या जागीं ‘डी’, आणि दुसऱ्यांत ‘आर्’ च्या जागीं ‘आय्’. बाकीचीं सहा अक्षरें त्याच क्रमानें तींच आहेत. वळणदार हस्ताक्षरांत ‘आर्’ व ‘आय्’ यांत एका फांट्याचें अंतर असतें. मोडी वाचणारास हें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

उच्चाराची साक्षही हीच आहे. जुन्या फ्रेंच लेखनांत ‘ओ-आय्-जी-एन्’ हा अक्षरसमूह ‘ओन्य’ असा वाचीत; कांद्यास फ्रेंचांत जो शब्द आहे तो आजही त्याच अक्षरांनीं लिहितात व ‘ओन्यों’ असा उच्चारतात. त्या रीतीनें आपलें नांव ‘द बोन्य’ असें वाचलें जाई, व ‘ल बोर्न्य’शीं त्याचें अंतर एका रकारापुरतें राहतें. हल्लींचा ‘ब्वान्य’ हा उच्चार लेखनाच्या ओढीनें आलेला दिसतो. इंग्रजांनीं तींच अक्षरें आपल्या भाषेच्या वळणानें वाचिलीं, आणि आमच्या ग्रंथकारांनीं ग्रँट डफ प्रभृति इंग्रज लेखकांवरून नांव घेतल्यामुळें मराठींत ‘डिबॉईन’ रूढ झाला. म्हणजे मराठी रूप हें फ्रेंच नांवाचें नसून इंग्रजी वाचनाचें लिप्यंतर आहे.

रकार गळाला व उच्चार घसरला, हें अपभ्रंशानें समजतें. परंतु ‘ल’ चा ‘द’ हा अपभ्रंश नव्हे. ‘द’ म्हणजे ‘चा’, ‘अमुक ठिकाणचा’. लोकांच्या समजुतींत हें उपपद खानदानीचें चिन्ह झालें होतें, जरी कायद्यानें तें उच्च कुळाचा पुरावा नव्हतें. ब्वान्य नांवाची जहागीर या कुटुंबाजवळ नव्हती. तेव्हां हा एक पालट हेतुपूर्वक केलेला आहे, हें मान्य केलें पाहिजे. व्यंगवाचक टोपणनांव झांकलें गेलें, व लष्करी अधिकाऱ्यास शोभेल असें नांव मिळालें.

(४) पण हा दोष एकट्या डिबॉईनचा काय? हिंदुस्थानांत आलेल्या त्याच्या समकालीनांकडे पाहावें. आमच्या कागदांत ज्याचा उल्लेख ‘मुसा बुसी’ असा येतो, त्याचें कुळनाम पातिसिए, म्हणजे पक्वान्नें भाजणारा भटारी. बुसी हें जमिनीवरून घेतलेलें नांव, आणि ‘मुसा’ हा ‘मस्य’ या संबोधनाचा मराठी अवतार. डिबॉईनच्या मागून शिंद्यांच्या फौजेचा मुखत्यार झालेला पेरों हा मूळचा क्युइये. ‘पेरों’ हें त्याच्या ‘प्येर’ या बाप्तिस्म्याच्या नांवावरून सिद्ध झालेलें. सरधन्याच्या बेगमेचा नवरा समरू हा वॉल्टर राइनहार्ट. ‘समरू’ हें टोपणनांव. एकानें जमिनीचें नांव पुढें केलें, दुसऱ्यानें बाप्तिस्म्याचें, तिसऱ्यास सोबत्यांनीं दिलेलेंच चिकटलें. त्या काळच्या शिपाईपेशांत नांव हें अंगरख्यासारखें होतें. ज्यास जें बसेल तें त्यानें घातलें.

काळाचा एक योगायोग येथें नमूद करण्यासारखा आहे. इ. स. १७९० च्या जून महिन्याच्या १९ व्या तारखेस पॅरिस येथील राष्ट्रीय सभेनें वंशपरंपरागत सरदारकी रद्द केली, व प्रत्येक नागरिकानें आपलें खरें कुळनाम तेवढेंच लावावें, असा ठराव केला. दुसऱ्याच दिवशीं, २० जून रोजीं, राजपुतान्यांत पाटणची लढाई होऊन ‘द ब्वान्य’ हें नांव उत्तर हिंदुस्थानांत दुमदुमलें. पुढें इ. स. १७९४ च्या ऑगस्टांत, जन्मनोंदींत नसलेलें नांव धारण करणें हा फ्रान्सांत गुन्हा ठरला. तेव्हां सॅव्हॉय हा १७९२ पासून फ्रान्सला जोडलेला जिल्हा होता. म्हणजे जें नांव अलीगडच्या छावणींत सर्वमान्य होतें, तें त्याच्या जन्मगांवीं त्या वेळीं बेकायदेशीर झालें असतें!

(५) नांव चोरून घेतलें कीं उघडपणें चालविलें, याचे दोन पुरावे आहेत. पहिला भावाचा. क्लोद हा त्याचा भाऊ सां-दोमिंग, म्हणजे हल्लींचें हाइती, येथील वसाहतीच्या कारभारांत होता, व त्या वसाहतीचा प्रतिनिधि म्हणून पॅरिसच्या पांचशें सभासदांच्या सभेंत बसला. इ. स. १८१७ मध्यें त्याच वसाहतीसंबंधीं त्यानें एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हा भाऊ ‘लबोर्न्य द ब्वान्य’ असें जोडनांव लावीत असे. ज्यास मूळ नांव बुडवावयाचें आहे अशा कुटुंबांत हें जोडनांव छापील पानावर आलें नसतें. दुसरा पुरावा वास्तव्याचा. डिबॉईन इ. स. १७९६ च्या अखेरीस हिंदुस्थान सोडून इंग्लंडास गेला, व १८०२ च्या सुमारास जेथें बापाच्या दुकानाची आठवण असणारीं माणसें हयात होतीं, त्या शांबेरीसच परत येऊन राहिला. १८२६ मध्यें राजस्थानचा इतिहासकार टॉड यानें त्याची तेथेंच भेट घेतली. ज्यास ओळख लपवावयाची असते तो आपल्या आळींत परत येत नाहीं. पत्नीपुढें त्यानें आपलें कूळ झांकलें असेल. गांवापुढें झांकलें नाहीं.

(६) आतां नांवाचा प्रसार. त्याच्या तीन वाटा दिसतात.

पहिली वाट पॅरिसची. इ. स. १७९८ मध्यें लंडन येथें डिबॉईननें आदेल दोस्मों या सतरा वर्षांच्या कुलीन पण निर्वासित मुलीशीं लग्न केलें. संसार टिकला नाहीं; मात्र ‘काउंटेस द ब्वान्य’ हें नांव तिनें १८६६ मध्यें मरेपर्यंत चालविलें. तिच्या आठवणी निघाल्या तेव्हां फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यानें त्यांवर वर्तमानपत्रांत लेख लिहिला. वाङ्मयांत हें नांव अमर झालें तें तिच्यामुळें. परंतु तिला संतति नसल्यामुळें ही वाट तेथेंच संपली.

दुसरी वाट इंग्लंडची, व ती चमत्कारिक आहे. हिंदुस्थानांत असतांना डिबॉईनचा एका मुसलमान स्त्रीशीं संसार झाला होता. तिला एक मुलगी व अलीबक्ष नांवाचा एक मुलगा होता. तीं तिघें त्याच्याबरोबर इंग्लंडास गेलीं. तेथें मुलांचा बाप्तिस्मा झाला, व ती स्त्री हेलीना बेनेट या नांवानें ओळखली जाऊं लागली. हें ‘बेनेट’ कोठून आलें? ‘बनुआ’ या फ्रेंच नांवाचा इंग्रजी पर्याय तोच. म्हणजे नवऱ्याचें उपनाम दुसरीस गेलें, आणि पहिलीच्या वांट्यास त्याचें व्यक्तिनाम उपनाम म्हणून आलें. ससेक्स परगण्यांतील हॉर्शमच्या आसपास तिनें उरलेलें आयुष्य काढलें, व इ. स. १८५३ मध्यें ती वारली. तिची नोंद ‘द ब्वान्य’ या नांवाखालीं शोधणारास ती सांपडावयाची नाहीं.

तिसरी वाट सॅव्हॉयची, व खरा वंशविस्तार हाच. अलीबक्ष हा बाप्तिस्म्यानंतर शार्ल-आलेक्सांद्र झाला. इ. स. १८१६ मध्यें त्याचा विवाह सॅव्हॉयमधील व्हियाले द मोंबेल या घराण्यांत झाला. त्याच वर्षीं सार्डिनियाच्या राजानें डिबॉईनला काउंट ही पदवी दिली. येथपासून ‘द’ हें उपपद नुसती हौस न राहतां राजमान्य झालें. १८३० मध्यें डिबॉईन वारल्यावर पदवी व मालमत्ता या मुलाकडे आली. त्याचा मुलगा एर्नेस्त द ब्वान्य, इ. स. १८६० च्या तहानें सॅव्हॉय फ्रान्सांत कायमचें गेल्यानंतर, पॅरिसच्या विधिमंडळांत प्रतिनिधि झाला. ‘द ब्वान्य’ हें नांव खऱ्या अर्थानें फ्रेंच झालें तें या वेळीं. जन्मतः तें सॅव्हॉयचें, प्रसिद्धीनें हिंदुस्थानचें, आणि पदवीनें सार्डिनियाचें होतें.

यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. आदेल दोस्मों निःसंतान होती. म्हणून डिबॉईनचा पुढील काउंट वंश हा त्या हिंदी स्त्रीच्या उदरांतून आला. घराण्याची संपत्ति शिंद्यांच्या चाकरींतून आली, आणि घराण्याचें रक्तही अर्धें इकडचें. शांबेरीच्या चौकांत १८३८ मध्यें सापे या शिल्पकारानें उभारलेल्या डिबॉईनच्या कारंज्याखालीं चार हत्ती आहेत. त्यांचा केवळ पुढील भाग दाखविला असल्यामुळें गांवकरी त्यांची थट्टा करतात. पण त्या हत्तींचा संबंध त्या घराण्याशीं शोभेपुरता नाहीं.

(७) सारांश: ‘ल बोर्न्य’ हें उत्तर व पश्चिम फ्रान्सांत पसरलेलें टोपणनांव, त्याची एक शाखा सॅव्हॉयमध्यें आली. त्या शाखेंतील एका शिपायानें एक अक्षर उच्चाराच्या ओघांत व एक अक्षर महत्त्वाकांक्षेनें बदलून नवें उपनाम निर्माण केलें. तें दुर्मिळ राहिलें, कारण त्याचा मूळ पुरुष व त्याचा भाऊ यांपलीकडे त्यास दुसरा उगम नाहीं. त्यानें नांव बदललें हें खरें. पण त्यानें दुसऱ्या कोणाचें नांव घेतलें नाहीं, व दुसऱ्या कुळाच्या वारशावर हक्क सांगितला नाहीं. ‘उपटसुंभ’ हें विशेषण म्हणून टिकत नाहीं.

संग्राहकांस एवढीच विनंति कीं, या घराण्याचे कागद शोधतांना चार नांवांनीं शोधावे: ल बोर्न्य, लबोर्न्य द ब्वान्य, द ब्वान्य आणि बेनेट. यांपैकीं एकच सूचींत घेतलें, तर बाप, भाऊ वा मुलाची आई यांपैकीं कोणी तरी हातांतून निसटतें. आजवर बहुधा ती आईच निसटत आली आहे.