विश्लेषण : राजकीय मेजवानीतील एका ताटाची किंमत लाखो डॉलर कशी होते? तिकीट कोण काढू शकतो?

६ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातील पाम बीच येथे डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारासाठी मेजवानी झाली. मानाच्या जागेसाठी आठ लाख डॉलरहून अधिक देणगी मागण्यात आली होती. एका रात्रीत ५ कोटी डॉलरहून जास्त निधी जमल्याचा दावा आयोजकांनी केला. त्याआधी नऊच दिवस न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये जो बायडेन, बराक ओबामा आणि बिल क्लिंटन एका मंचावर आले होते. त्या कार्यक्रमाचे सर्वांत स्वस्त तिकीट २२५ डॉलरचे होते, तर तिघांसोबत छायाचित्र काढण्यासाठी १ लाख डॉलर मोजावे लागत होते. हे पैसे नेमके कशाचे आणि ते देण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांनाही लागू होतो.

तिकिटात काय मिळते?

या मेजवानीत जेवण हे निमित्त असते. तिकिटांच्या पायऱ्या असतात. सर्वांत खालच्या तिकिटावर सभागृहात जागा आणि नेत्याचे भाषण मिळते. त्यावरच्या तिकिटावर जेवणाआधीच्या छोट्या स्वागत समारंभात प्रवेश आणि रांगेत उभे राहून छायाचित्र. सर्वांत वरच्या पायरीवर नेत्याच्या टेबलाजवळची खुर्ची किंवा यजमान मंडळात नाव. स्वतः देणगी देण्याबरोबरच ओळखीच्यांकडून देणग्या गोळा करून देणाऱ्यांनाही यजमान मंडळात स्थान मिळते. छायाचित्राच्या रांगेत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम काही सेकंद येतात. सविस्तर बोलणे होते ते टेबलावर किंवा छोट्या समारंभात. त्यामुळे तिकिटाची किंमत पदार्थांवर नव्हे, तर नेत्यापासूनच्या अंतरावर ठरते.

देणगीला मर्यादा असताना एवढे पैसे कसे?

अमेरिकेत २०२३-२४ या काळात एक व्यक्ती संघीय निवडणुकीतील एका उमेदवाराला प्रत्येक निवडणुकीसाठी ३,३०० डॉलर देऊ शकत होती. प्राथमिक आणि मुख्य निवडणूक वेगळी धरली जाते, म्हणजे एकूण ६,६०० डॉलर. मोठ्या मेजवान्या मात्र संयुक्त निधी समितीच्या नावाने होतात. एकच धनादेश उमेदवार, राष्ट्रीय पक्ष आणि अनेक राज्यांतील पक्षशाखा यांच्यात वाटला जातो आणि प्रत्येकाची मर्यादा स्वतंत्र मोजली जाते. सर्व देणग्या मिळून पूर्वी एक एकत्रित मर्यादा होती. ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केली. त्यानंतर ही बेरीज लाखांत जाऊ लागली.

एच-वन-बी व्हिसावरील व्यक्ती तिकीट काढू शकते का?

नाही. अमेरिकी कायद्यात तिकिटाची पूर्ण रक्कम देणगी धरली जाते; जेवणाचा खर्च त्यातून वजा होत नाही. देणगीचा अधिकार फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना आहे. नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावरील व्यक्तीला विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करता येते, पण पैसे देता येत नाहीत. संघीय उमेदवारासाठी कंपनीच्या खात्यातून तिकीट काढणेही निषिद्ध आहे.

दुसऱ्याच्या नावाने पैसे देणे हा गुन्हा आहे. मुंबईत जन्मलेले अमेरिकी लेखक दिनेश डिसूझा यांनी सिनेटच्या एका उमेदवारासाठी इतरांच्या नावे देणग्या दिल्या आणि ते पैसे त्यांना परत केले. २०१४ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. मित्राच्या तिकिटाचे पैसे नंतर गुपचूप चुकते करणे याच प्रकारात मोडते.

ब्रिटनमध्ये नियम वेगळा का?

तेथे देणगीचा अधिकार मतदारयादीशी जोडलेला आहे. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्याने ब्रिटनमध्ये वैध वास्तव्य असलेले भारतीय नागरिक तेथे मतदार होऊ शकतात आणि मतदार झाल्यावर पक्षाला देणगीही देऊ शकतात. म्हणजे जे न्यू जर्सीत बेकायदा, ते लंडनमध्ये कायदेशीर ठरू शकते. शिवाय ब्रिटनमध्ये तिकिटाच्या रकमेतून भोजनाचे मूल्य वजा करून उरलेली रक्कम देणगी धरतात.

भारतात काय स्थिती आहे?

अशा मेजवान्या भारतात फारशा रुळलेल्या नाहीत. आम आदमी पक्षाने मार्च २०१४ मध्ये नागपुरात अरविंद केजरीवाल यांच्यासोबत प्रत्येकी १० हजार रुपयांचे भोजन ठेवले, तेव्हा त्याची मोठी चर्चा झाली होती.

भारतात एका व्यक्तीने पक्षाला किती देणगी द्यावी याला कमाल मर्यादा नाही. वर्षभरात २० हजार रुपयांपेक्षा जास्त देणाऱ्यांचा तपशील पक्षाने निवडणूक आयोगाला द्यायचा असतो. आयकरातील सवलत टिकवायची असेल, तर २०१७ पासून पक्षाला २ हजार रुपयांपेक्षा मोठी देणगी रोखीने घेता येत नाही. परदेशात राहणारा, पण भारतीय पारपत्र असलेला नागरिक देणगी देऊ शकतो. ओसीआय कार्डधारक परदेशी नागरिक असल्याने देऊ शकत नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले, तेव्हा पक्षांना पैसे कोण देतो हे जाणण्याचा मतदाराचा हक्क हाच मुख्य आधार होता.

भेट म्हणजे लाच का?

यावर अमेरिकेत स्पष्ट निकाल आहे. व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर बॉब मॅकडॉनेल यांनी एका उद्योजकाकडून पावणेदोन लाख डॉलरहून अधिक मूल्याच्या भेटवस्तू आणि कर्जे घेतली होती. खालच्या न्यायालयात ते दोषी ठरले, पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा एकमताने रद्द केली. बैठक ठरवून देणे, कार्यक्रम ठेवणे किंवा एखाद्या अधिकाऱ्याशी बोलणे एवढ्यानेच ते ‘शासकीय कृत्य’ ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. लाच सिद्ध करायची तर पैशाच्या बदल्यात एखादा ठोस निर्णय घेतला, किंवा तो घेण्याचे कबूल केले, हे दाखवावे लागते.

म्हणून कायद्याचे लक्ष भेटीपेक्षा पैशावर असते. अमेरिकेत २०० डॉलरहून अधिक देणाऱ्याचे नाव, व्यवसाय आणि मालक संस्था संघीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येते. मात्र तो कोणत्या टेबलावर बसला आणि काय बोलला, याची नोंद ठेवण्याचे बंधन कोणावर नाही. पैसे भेटीसाठी मोजले जातात. नोंद फक्त पैशांची होते.